बद्द वाजणारा दगड

३ तारीख, मंगळवार
सकाळी १४८/९०, संध्याकाळी १५२/९०

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, आजी, रोज दोनदा रक्तदाब मोजायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. लिहिला. आता एवढाल्या पानावर एवढासा आकडा, आणि बाकीचा कागद काय नुसता बघत बसायचा? दुसरीत माझी शाळा सुटली तेव्हा बाईंनी पाटीसुद्धा काढून घेतली होती. तेव्हापासून कोरी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. डॉक्टरीणबाई, तुम्ही आकडे तेवढे वाचा. खालचं तुमच्या कामाचं नाही.

आज घरात माझा लिलाव झाला. सूनबाईच्या बहिणीचं ऑपरेशन आहे, म्हणून मुलगा आणि सून शनिवार-रविवार तिकडं जाणार. मागच्या महिन्यात मला न्हाणीघरात चक्कर आली. एकदा चक्कर आली की माणसाचं काचेचं भांडं होतं, कुणी ना कुणी धरूनच ठेवावं लागतं. मी तिथंच मटार सोलत बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

मुलगा म्हणाला, "शेजारच्या काकूंकडं ठेवू या."

ठेवू या! मी काय किल्ली आहे?

नात म्हणाली, "बाबा, माझा शनिवार-रविवार दोन महिन्यांपासून ठरलाय. मी रद्द करणार नाही."

सूनबाई म्हणाली, "मग आईंना एकट्या सोडायचं?"

"आजी येईल माझ्याबरोबर. गाडी पायथ्यापर्यंत जाते. खोली आहे, पलंग आहे आणि आमच्यात एक नर्ससुद्धा आहे."

मी मटाराचं टोपलं खाली आपटलं. म्हटलं, उभा जन्म दगड फोडण्यात गेला, आता म्हातारपणी तेच बघायला सहलीला जाऊ? सगळे हसले. हसले म्हणजे ठरलं. या घरात असंच ठरतं.

नातीला मी पाल म्हणते. लहानपणी दाराच्या चौकटीला हातपाय लावून वर चढून बसायची आणि वरून टकामका बघायची. आता सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी चढणं सुटलं नाही. दिवसभर दातांच्या दवाखान्यात बसून लोकांचे खोटे दात घडवते आणि सुट्टी आली की मित्रांबरोबर डोंगराला जाऊन चिकटते. हिचे आजोबा दगडाखाली गेले, ही दगडावर जाते. त्या खाणीतला तो दगड काही बोलला नाही, एकदम आला, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. तरी हिला धाक नाही.

५ तारीख, गुरुवार
१५४/९२. संध्याकाळी मोजला नाही, घरात जागाच नव्हती.

बैठकीच्या खोलीभर दोर, पट्टे, लोखंडी कड्या. पाय ठेवायला जागा नाही. मी ओलांडून जायला लागले तशी पाल किंचाळली, "आजी, दोरावर पाय द्यायचा नाही! कधीच नाही! त्याच्यावर जीव असतो."

बरं बाई. आम्ही दोर आंघोळीच्या बादलीला बांधायचो.

मग तिनं समजावून सांगितलं. डोंगर करड्या दगडाचा आहे, ग्रॅनाइट म्हणतात. मी म्हटलं, मला शिकवतेस? तर तिथं एक वाट आहे. वाट म्हणजे सरळ उभी भिंत, पण हे लोक त्याला वाट म्हणतात. खालून वरपर्यंत तिथून अजून कुणी चढलेलं नाही. जो पहिला चढेल त्यानं त्या वाटेला नाव द्यायचं आणि ते नाव त्यांच्या मंडळाच्या पुस्तकात कायमचं राहतं. त्यांचा कॅप्टन म्हणाला, या वेळी पहिली तू जा. दोन महिने हिला झोप नाही.

"नाव काय देणार?" मी विचारलं.

"ठरवलंय. आधी चढू दे, मग सांगते."

तिच्याकडं खडूच्या पुडीची एक पिशवी आहे. बोटं घामानं घसरू नयेत म्हणून बोटांना लावतात. मी चिमूटभर घेऊन बोटावर चोळली. खडू तो खडूच.

खाणीत माझं काम ठोकायचं. बाकीच्या बाया खडी वाहायच्या, मी सकाळी सगळ्यांच्या आधी हातोडी घेऊन भिंतीनं फिरायची. ठोकायचं आणि ऐकायचं. खण वाजला की दगड अंगचा धड. फुटक्या माठासारखा बद्द वाजला की आतून सुटलेला. तिथं खडूनं रेघ मारायची. रेघेच्या आत माणूस जायचा नाही, मग तो मुकादम असो की मुकादमाचा बाप. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्या रेघेपुढं शिकलेले मागं सरायचे.

हातोडी अजून पेटीत आहे. कपड्यांखाली पिशवीत टाकली. कशाला ते विचारू नका. गोळ्या घेतल्या, चष्मा घेतला, तशीच हातोडी घेतली.

७ तारीख, शनिवार
सकाळी १६०/९४, दुपारी १८२/१०४. नर्सबाईनं दोनदा मोजला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

ही पायथ्याची खोली. पलंग कुरकुरतो. बाहेर कुणी माझ्याशी बोलत नाही आणि मला त्याची काही पडलेली नाही. झालं ते लिहिते.

सकाळी उजाडता उजाडता निघालो. एकूण चौघंजण. पाल, नर्सबाई, कॅप्टन आणि सामानात मी. हा कॅप्टन म्हणजे कुठल्या पलटणीतला नव्हे. एरवी ऑफिसात खुर्चीवर बसून कॉम्प्युटर बडवतो. उंच आहे, मिशी राखली आहे आणि प्रत्येक वाक्य "बघा आजी" असं सुरू करतो. मी सत्तर वर्षं बघतेच आहे, तू काय दाखवणार?

भिंतीखाली पोचलो. भिंत छान आहे, खोटं कशाला बोलू. सकाळच्या उन्हात अंगावर अभ्रक चमकतो. पण मधोमध एक भलामोठा पापुद्रा आहे, कांद्याचं साल अर्धं सोलून सोडावं तसा. खालची कड माझ्या छातीएवढ्या उंचीवर, आणि वर कुठवर गेला आहे ते मान मोडली तरी दिसेना. हिची वाट बरोबर त्याच्या कडेनं. कडेत बोटं घालायची, बाहेर ओढायचं आणि तसंच वर जायचं. दोर अडकवायचे लोखंडी चिमटेसुद्धा त्याच्याच मागं खुपसायचे.

ती मंडळी ब्रेड आणि उकडलेली अंडी खात होती. मी हातोडी काढली आणि काठी टेकत भिंतीशी गेले.

खण. खण. खण. मग पापुद्र्याच्या कडेवर ठोकलं.

बद्द.

एक वीत सरकले. बद्द. आणखी सरकले, हात वर करून पोचेल तिथवर ठोकलं. बद्द, बद्द, बद्द. माझे कान म्हातारे झाले आहेत, टीव्ही ऐकू येत नाही, पण हा आवाज मला मेल्यावरही ऐकू येईल. पालीच्या पिशवीतला खडूचा खडा घेतला आणि जिथं जिथं हात पोचला तिथं रेघ ओढली.

कॅप्टन चहाचा पेला घेऊन आला. "काय आजी, शाळा भरवली का?"

"दगड सुटलेला आहे," मी म्हटलं. "इथून कुणी जायचं नाही."

"बघा आजी, मागच्या महिन्यात मी वरून दोर टाकून त्याला लोंबकळून आलोय. जराही हलला नाही."

"हलत नाही म्हणूनच सांगते. हलणारा दगड सांगून पडतो. न हलणाऱ्याला ठोकूनच विचारावं लागतं. प्रत्येक दगड बोलतो रे, ऐकणाऱ्याला कान पाहिजेत."

तो नर्सबाईकडं बघून हसला. तसं हसणं मला ठाऊक आहे. म्हातारीचं काय मनावर घ्यायचं, असं ते हसणं. मी चाळीस माणसांचे जीव या कानांवर सांभाळले आणि हा उंटावरचा शहाणा मला पेला दाखवून हसतो!

पालीकडं बघितलं. ती पट्टा कमरेला बांधत होती. मान खाली. दोनदा बांधला, दोनदा सोडला.

मग मी गेले आणि दोराच्या वेटोळ्यावर बसले. त्यावर पाय द्यायचा नाही म्हणाली होती. बसायचं नाही म्हणाली नव्हती. आणि लोखंडाची पिशवी घेतली मांडीवर.

काय काय नाही झालं. नर्सबाईनं गोड बोलून बघितलं. कॅप्टननं "बघा आजी" पाच वेळा म्हणून बघितलं. शेवटी तो ओरडला, "कुणीतरी यांना खोलीवर न्या!" मी म्हटलं, ने ना, उचल. साठ किलोची आहे, डोंगर चढतोस, म्हातारी उचलत नाही?

पाल जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "आजी, ऊठ. सगळे बघतायत."

तेवढं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. काय फिरलं ते सांगता येत नाही. तिला म्हटलं, "बघू देत! डोळे दिलेत कशाला?" इतक्या जोरात म्हटलं की माझाच दम तुटला.

ऊन डोक्यावर आलं तोवर बसून होते. दगड तापला. तापल्या दगडावर बोटं घसरतात, मग हे लोक चढत नाहीत. दिवस गेला. मग उठले. गुडघे असे धरले होते की उठवायला कॅप्टनलाच हात द्यावा लागला. मी तो घेतला. आभार मानले नाहीत.

८ तारीख, रविवार
१९०/१०६. नर्सबाईनं पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलं आणि सकाळी हातोडी माझ्या पिशवीतून काढून स्वतःच्या पिशवीत ठेवली. चोर.

ते तिघं भिंतीवर गेले. मी खिडकीतून कान लावून पडले. पाखरं, वारा, लांबून हाका. एकदा काहीतरी धाडकन वाजलं आणि मी उभी राहिले, तर खाली कुणीतरी गाडीचं दार लावलं होतं.

दुपारी परतले. कॅप्टन चढला. खालून वरपर्यंत त्याच पापुद्र्याला ओढत चढला, आणि दगड हलला नाही, पडला नाही, एक खडासुद्धा टाकला नाही. मला खोटं पाडून तो दगड तिथं ऐटीत उभा आहे.

पालीनं बोट दुखावल्याचं सांगितलं म्हणे. म्हणून ती चढली नाही, खाली उभी राहून तिनं कॅप्टनचा दोर धरला. पहिलेपण गेलं. नाव द्यायचा मान कॅप्टनचा. परतीच्या वाटेवर गाडीत कॅप्टन म्हणाला, "बघा आजी, झालं ना?" मी खिडकीबाहेर बघितलं.

हिचं बोट मी नीट बघितलं. धड आहे. माझ्यावर रुसून केलेला कांगावा.

११ तारीख, बुधवार
१६६/९८, संध्याकाळी १७०/१००

तीन दिवस पाल माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, गोळी हातावर ठेवते, पाणी देते, बोलत नाही. त्यापेक्षा भांडलेलं बरं. मुलानं सगळं ऐकलं आणि मलाच म्हणतो, "आई, तू लहान मुलासारखं काय करतेस? पोरीचं दोन महिन्यांचं स्वप्न होतं." सूनबाई म्हणाली, "आईंना काळजी वाटली असेल." हिनं माझी बाजू घेतली म्हणजे माझी बाजू किती पडकी आहे ते बघा.

काळजीबिळजी नाही. मला राग आहे तो दगडाचा. पडायचा होता तर कुणी खाली नसताना, एकटा असताना, रात्रीतून पडायचा. तेवढंही करवत नाही मेल्याला.

१३ तारीख, शुक्रवार
सकाळी १७२/१००

आज पाल बोलली.

संध्याकाळी कामावरून आली, चप्पल काढली नाही, तशीच माझ्या पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "आजी, बोट दुखत नव्हतं."

"ठाऊक आहे. मी बघितलं."

"रुसलेही नव्हते. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

तिनं सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी ती कॅप्टनबरोबर वाट बघायला गेली होती. तेव्हा सहज बोटाच्या पेरानं पापुद्र्यावर टकटक केलं. दवाखान्यात दात ठोकून बघतात ना, मुळाशी धड आहे की पोकळ, तसं. आणि आवाज पोकळ आला. तिला वाटलं, आपल्याला काय कळतं? कॅप्टनला सांगितलं तर म्हणेल घाबरली. पहिली जायचा मान दुसऱ्या कुणाला देईल. म्हणून गप्प बसली. शनिवारी मी ठोकलं तेव्हा तिनं तोच आवाज ऐकला. तरी गप्प. रविवारी कॅप्टन चढला. ही खाली दोर धरून उभी. "मला ठाऊक होतं आणि मी दोर धरला होता आजी. पूर्ण वेळ मी मनातल्या मनात मोजत होते."

मी तिला झापलं. असं झापलं की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? तुझ्या देखत म्हातारीला वेडी ठरवू दिलंस! आणि त्या माणसाचा जीव गेला असता तर? तो कितीही अक्कलशून्य असला तरी कुणाचा तरी मुलगा आहे! दगड तुला बोलला, तू ऐकलंस, मग तुझी जीभ काय झडली होती? एवढी कसली भीड? सगळे बघतायत म्हणून?

ती रडली नाही. पाल रडत नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "आजी, तू म्हणालीस प्रत्येक दगड बोलतो. मग आजोबांचा का नाही बोलला?"

मी म्हटलं, जा इथून.

ती गेली. संध्याकाळचा आकडा घेतला नाही. मशीन कपाटात ठेवून दिलं.

१६ तारीख, सोमवार
मोजला नाही.

बद्द वाजला होता.

मी खडू काढला होता. मुकादम म्हणाला, बाई, आज रेघ नको, गाड्या येऊन उभ्या आहेत, सगळे बघतायत. मी खडू पिशवीत टाकला. जेवण झाल्यावर ह्यांनी तिथंच पहार घातली.

झालं एवढंच. लिहायला चार ओळीसुद्धा लागल्या नाहीत आणि माझी चाळीस वर्षं गेली.

१७ तारीख, मंगळवार
१५८/९४

काल रात्री झोप लागली. सकाळी पालीला हाक मारली आणि मागचं पान वाचायला दिलं. माझं अक्षर लागत नाही म्हणून तिला दोनदा वाचावं लागलं. मग म्हटलं, आता फोन लाव त्या मिशीवाल्याला. माझ्यासमोर लाव. मी बघतेय.

तिनं लावला. "मला आधीपासून ठाऊक होतं," असं तीन वेळा म्हणाली. पलीकडून तो इतका ओरडला की मला ऐकू आलं, आणि मला टीव्ही ऐकू येत नाही.

१९ तारीख, गुरुवार
१५६/९२

कॅप्टन घरी आला. खुर्चीत बसला, चहाला नको म्हणाला. म्हणजे चांगलाच रागावलेला.

"बघा आजी, तुम्ही दोघी मिळून म्हणताय तो दगड पोकळ आहे. मी त्यावर चढून आलोय."

"आलास म्हणून तर बोलतोयस ना बाबा."

मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात मंडळाची नवी पोरं येणार आहेत. वीसजण. त्याच वाटेवर."

पाल दारात उभी होती. तिनं आत जाऊन माझी हातोडी आणली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. नर्सबाईकडून कधी परत आणली कोण जाणे.

त्यानं हातोडी उचलून बघितली. "कसं ठोकायचं?"

फरशीवर ठोकून दाखवलं. मग स्वयंपाकघराच्या ओट्याशी एक फरशी सुटलेली आहे, तिच्यावर ठोकून दाखवलं. चार वेळा ऐकलं त्यानं. वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखा.

२२ तारीख, रविवार
हे घरी येऊन लिहिते आहे.

परत त्याच गाडीत, परत त्याच खड्ड्यांतून. या वेळी मला कुणी सामानात धरलं नाही, पुढच्या सीटवर बसवलं. पाठ तरी तेवढीच दुखली.

कॅप्टन मागच्या वाटेनं डोंगरावर गेला आणि वरून दोरानं भिंतीवर उतरला. कमरेला माझी हातोडी. आम्ही खाली, पापुद्र्यापासून लांब, मी सांगितलं तिथं. त्यानं वरून ठोकायला सुरुवात केली. खण, खण, खण. म्हटलं, परत हा दगड मला खोटं पाडतो की काय.

मग बद्द.

तो थांबला. परत ठोकलं. बद्द. हातभर बाजूला, बद्द. मागच्या खेपेला जिथं बोटं घालून त्यानं सगळं अंग बाहेर टाकलं होतं, बरोबर तिथं म्हणे. तो तसाच लोंबकळत राहिला, किती तरी वेळ, हातोडी न हलवता. पाल ओरडली, "काय झालं?" खडू काढला आणि रेघ ओढायला लागला. ठोकायचं, ऐकायचं, रेघ. खाली येत येत, एका कडेनं, मग परत वर जाऊन दुसऱ्या कडेनं. दुपार झाली. पांढरी रेघ केवढी झाली म्हणता? दोन मजली घराची अख्खी भिंत तिच्यात मावेल. आणि हा एवढ्या पापुद्र्याला ओढत वर गेला होता.

खाली आला, पाणी प्यायला. हात पांढरे आणि तोंडही. हातोडी मला परत दिली, दांडा माझ्याकडं करून. बोलायला माझ्याकडं दहा गोष्टी होत्या. आठवडाभर साठवून ठेवल्या होत्या. पण एकच बोलले.

"काय रे, शाळा भरली?"

"भरली, आजी," तो म्हणाला. बघा म्हणाला नाही.

वाट पुस्तकातून काढली. नवी पोरं दुसऱ्या भिंतीवर जातील. पहिलेपण ना कॅप्टनचं राहिलं, ना पालीचं. परत येताना तिला विचारलं, नाव काय देणार होतीस ते तरी सांग. म्हणाली, "पाल."

मला वाटलं होतं काहीतरी भारदस्त असेल. मीच दिलेलं नाव. दोन महिने विचार करून हे. गाढव कुठली.

एक राहिलं. निघायच्या आधी कॅप्टनची रेघ खाली माझ्या छातीएवढ्या उंचीवर येऊन संपली होती. पहिल्या दिवसाची माझी रेघ तिथंच होती, पण वाऱ्यानं मधली हातभर पुसली गेली होती. दोन्ही टोकं जुळत नव्हती. पालीनं खडूचा खडा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आजी, एवढी तूच मार." कॅप्टन म्हणाला, फार जवळ जाऊ नका. मी म्हटलं, रेघ मारणाऱ्याला जवळ जावंच लागतं.

गेले. ठोकलं. बद्द. मारली रेघ.

वाकडी आली. वय झालं, दुसरं काय.

रात्री १२८/८०. मशीन बिघडलं वाटतं. उद्या दाखवून आणायला हवं.